नाव रत्नागिरी, मैदान गहुंजे

जून महिन्यात महाराष्ट्रात क्रिकेटची लीग भरवायची असं ठरवणाऱ्या माणसाला एक तर आपल्याकडचा पाऊस ठाऊक नसावा, किंवा बीसीसीआयचं वेळापत्रक फार नीट ठाऊक असावं. महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या बाबतीत दुसरी गोष्ट खरी. राज्य संघटनेला स्वतःची टी-ट्वेंटी लीग घ्यायची, तर ती आयपीएल संपल्यावर आणि देशांतर्गत हंगाम सुरू व्हायच्या आत उरकावी लागते. त्या फटीत हाती लागतात ते जून, जुलै आणि ऑगस्ट. तमिळनाडूचं त्यात भागतं, कारण त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबरनंतरचा. आपल्याकडे मृग लागला की शेतकरी वर बघतो. २०२३ पासून महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे ग्राउंड्समनही वर बघायला लागले, फक्त उलटी प्रार्थना करत.

पहिल्या वर्षी ती प्रार्थना बरीचशी फळली. १५ जून २०२३ च्या संध्याकाळी पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावर लीगचा पहिला चेंडू पडला, आणि त्याच संध्याकाळी बिपरजॉय चक्रीवादळ कच्छच्या किनाऱ्यावर जखाऊजवळ धडकलं. या वादळानं मान्सूनची सगळी घडी विस्कटून टाकली होती. केरळातच तो उशिरा पोचला आणि मुंबई-पुण्याला यायला २४-२५ जून उजाडला. पेरण्या खोळंबल्या, धरणं तळाला गेली, पेपरात पाणीकपातीच्या बातम्या. आणि गहुंज्याला रोज रात्री दिव्यांच्या उजेडात, कोरड्या खेळपट्टीवर, षटकारांची बरसात. एवढं कोरडं जून पुण्यात क्वचित बघायला मिळतं. मला मॅच बघताना थोडं अपराधी वाटायचं, तरी जायचो.

जायचं कारण क्रिकेट कमी आणि नाव जास्त. मी मूळचा रत्नागिरीचा, राहतो रावेतला. रहदारी नसेल तर गहुंजं वीस मिनिटांवर. कोकणातल्या माणसाचं क्रिकेटमधलं नागरिकत्व हा एक गमतीदार प्रकार आहे. महाराष्ट्र राज्य एक, पण बीसीसीआयच्या लेखी त्याचे तीन तुकडे: मुंबई, विदर्भ आणि उरलेला महाराष्ट्र. रत्नागिरी उरलेल्यात. आमच्या घराघरातला एक तरी माणूस गिरणीत, गोदीत नाहीतर बीएमसीत मुंबईला. आमचे चाकरमानी गणपतीला मुंबईहून येतात. रणजीत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजूनं. पण आमच्या जिल्ह्यातल्या पोराला रणजी खेळायची झाली तर घाट चढून पुण्यालाच यावं लागतं. ‘महाराष्ट्र’ नावाच्या संघाबद्दल रत्नागिरीच्या मारुती मंदिराच्या नाक्यावर कुणी हळहळल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्यामुळे त्या वर्षी अचानक ‘रत्नागिरी जेट्स’ असा संघ जाहीर झाला, तेव्हा आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आधी हशाच पिकला. रत्नागिरीला विमानतळ आहे, पण तिथे तेव्हा प्रवासी विमान उतरत नव्हतं. आणि आमच्या वाट्याला आलं कोणतं नाव, तर जेट्स! मालक कंपनीचं नाव जेटसिंथेसिस आहे, त्यावरून ते आलंय, हा खुलासा नंतर झाला.

संघ सहा होते. पुणेरी बाप्पा, कोल्हापूर टस्कर्स, ईगल नाशिक टायटन्स, छत्रपती संभाजी किंग्ज, सोलापूर रॉयल्स आणि आमचे जेट्स. पुण्याच्या संघासाठी प्रवीण मसालेवाल्यांनी तीन वर्षांचे १४ कोटी ८० लाख मोजले, कोल्हापूरसाठी पुनीत बालन ग्रुपनं ११ कोटी. हे आकडे मथळ्यात आले. खेळाडूंच्या लिलावाचे आकडे आतल्या पानावर होते, आणि मला ते जास्त वाचनीय वाटले. प्रत्येक संघाला खर्चायला वीस लाख. खेळाडूंची पायाभूत किंमत साठ हजार, चाळीस हजार आणि वीस हजार. सगळ्यात महागडा ठरला नौशाद शेख, सहा लाखांना, कोल्हापूरकडे. सहा संघांच्या थैल्या एकत्र केल्या तरी होतात एक कोटी वीस लाख. त्याच्या आदल्या वर्षी तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला एकट्याला चेन्नईनं आयपीएलच्या लिलावात दीड कोटी दिले होते. म्हणजे एका पोराच्या पैशात अख्खी लीग विकत घेऊन वर तीस लाख उरतात. हे मी कुणाला कमी लेखायला म्हणत नाही. उलट, इथे नक्की कोण खेळतंय हे त्या वीस हजारांवरूनच कळतं.

बीसीसीआयचा आणखी एक नियम असा, की राज्याच्या लीगमध्ये त्याच राज्य संघटनेचे खेळाडू. बाहेरचा नाही, परदेशी तर नाहीच. त्यामुळे चारदोन ओळखीचे चेहरे सोडले तर मैदानावर उरतात ते जिल्ह्याच्या निमंत्रित स्पर्धा खेळून खेळून रापलेले लोक. कुणी रेल्वेत नोकरीला लागायच्या आशेवर, कुणी सकाळी अकादमीत लहान मुलांना शिकवणारा, कुणी एकोणीस वर्षांखालच्या संघातून बाहेर पडल्यावर कुठेच न अडकलेला. आयपीएलमध्ये प्रत्येक चेहरा आधी जाहिरातीत बघितलेला असतो. इथे पाठीवरचं नाव वाचून स्कोअरबोर्डशी ताडून बघावं लागतं. मला ते आवडलं. क्रिकेट बघताना इतकी मेहनत बऱ्याच वर्षांत केली नव्हती.

ओळखीच्या चेहऱ्यांत अर्थातच ऋतुराज गायकवाड. त्याचा तो महिना जरा आठवून बघा. मे संपता संपता अहमदाबादला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, त्याच्या चेन्नईनं आयपीएल जिंकली. ३ जूनला महाबळेश्वरला त्याचं लग्न. नवरीही क्रिकेटर, उत्कर्षा पवार, महाराष्ट्राकडून खेळलेली. लग्नासाठी त्यानं जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याच्या राखीव यादीतून नाव काढून घेतलं. आणि १५ जूनला हा गृहस्थ गहुंज्यात कोल्हापूरविरुद्ध २७ चेंडूंत ६४. हळद अजून पुरती उतरली नसेल. पुणेरी बाप्पानं सामना आरामात जिंकला. माझ्यामागे बसलेला कोल्हापूरचा एक गट, अंगात टस्कर्सचे टीशर्ट, ऋतुराजच्या प्रत्येक षटकाराला उभं राहून टाळ्या वाजवत होता. आपल्याच बोलरला मार पडतोय हे त्यांच्यातल्या एकानं लक्षात आणून दिलं, तेव्हा दुसरा म्हणाला, ‘‘आरं, आपलाच हाय की तो बी.’’

हे ‘आपलाच’ प्रकरण मला पूर्ण हंगाम छळत राहिलं. कोण कुठला आणि खेळतो कुणाकडून, याची नोंद ठेवायला गेलात तर डोकं गरगरतं. सोलापूरचा कर्णधार विकी ओस्तवाल हा लोणावळ्याचा; लहानपणी लोणावळ्याहून चिंचवडला सरावाला ये-जा केलेला. म्हणजे सोलापूरच्या कर्णधाराचं घर सोलापूरपेक्षा गहुंज्याच्या मैदानाला कितीतरी जवळ. कोल्हापूरचा केदार जाधव राहणारा पुण्याचा, मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातलं. नाशिकचा राहुल त्रिपाठी सैन्यातल्या बापाचा मुलगा, सगळं क्रिकेट पुण्यात. आणि खरा सोलापूरचा पोरगा, अर्शिन कुलकर्णी, तो नाशिककडे. भूगोलाच्या पेपरात एवढ्या चुका केल्या असत्या तर आमच्या बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

पण त्या अर्शिनची गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्याशिवाय पहिल्या हंगामाची कुणी फारशी आठवणही काढली नसती.

तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. समोर पुणेरी बाप्पा. नाशिककडून सलामीला आला आणि ५४ चेंडूंत ११७ केल्या. त्यात चौकार तीन आणि षटकार तेरा. हे प्रमाण एकदा परत वाचा. षटकार मारणाऱ्या पोरांची कमतरता आता कुठेच नाही. टेनिस बॉलवर वाढलेला प्रत्येक जण आडव्या बॅटनं मिडविकेटवरून फेकून देतो. अर्शिनचं तसं नव्हतं. डोकं स्थिर, पुढचा पाय थोडा बाजूला, आणि बॅट सरळ रेषेत येऊन शेवटी खांद्यावरून मागे जाणारी. चेंडू साइटस्क्रीनच्या वरून गेल्यावर तो त्याच्याकडे बघतही नव्हता, क्रीझमध्ये पायानं माती सारखी करत होता. नाशिकच्या २०० च्या वर झाल्या. मग ऋतुराजनं पुन्हा झोडपाझोडपी करून पुण्याला जवळ आणलं. आणि मग हाच पोरगा मध्यमगती टाकायला आला. २१ धावांत ४ बळी. नाशिक एका धावेनं जिंकलं.

एका धावेनं! शेवटच्या षटकात माझ्या रांगेतला एकही माणूस बसलेला नव्हता. आम्ही सगळे पुण्याच्या परिसरात राहणारे, कागदोपत्री बाप्पावाले, आणि ओरडत होतो नाशिकसाठी. खरं तर नाशिकसाठीही नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लखनौनं त्याला आयपीएलच्या लिलावात वीस लाखांना घेतलं. पुढच्या जानेवारीत तो एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला, अमेरिकेविरुद्ध शतक ठोकलं. एमपीएल नसती तर तो पुढे आलाच नसता असं मी म्हणणार नाही. एवढी गुणवत्ता कुठून ना कुठून वर येतेच. पण रणजीच्या वाटेनं जो रस्ता तीनचार वर्षांचा झाला असता, तो एका रात्रीत आणि एका व्हायरल क्लिपमध्ये कापला गेला. तमिळनाडूनं हे आधीच करून दाखवलं होतं. नटराजनचे यॉर्कर त्यांच्या लीगमध्ये, टीएनपीएलमध्ये दिसले आणि २०१७ मध्ये पंजाबनं त्याला तीन कोटींना उचलला. वरुण चक्रवर्ती तर वास्तुविशारद होऊन परत क्रिकेटकडे वळलेला. त्याच लीगमुळे २०१८ च्या लिलावात ८ कोटी ४० लाखांवर गेला. आयपीएलच्या संघांची माणसं या लीगमध्ये काय शोधायला येतात हे यावरून कळावं. त्यांना पन्नासची सरासरी नको असते. त्यांना एक संध्याकाळ हवी असते.

आणि इथेच मला अंकित बावणे आठवतो.

पैठणचा अंकित बावणे त्या हंगामात कोल्हापूरकडून खेळत होता. महाराष्ट्राचं क्रिकेट ज्यांनी सातत्यानं बघितलंय त्यांना त्याच्याबद्दल वेगळं सांगायला नको. रणजीमध्ये वर्षानुवर्षं खोऱ्यानं धावा, सरासरी पन्नासच्या आसपास, संघाचं कर्णधारपद. भारताची कॅप नाही. २०१७ मध्ये दिल्लीनं संघात घेतलं, पण आयपीएलचा एक सामना नशिबी नाही. महाराष्ट्राला असे लोक घडवायची जुनी खोड आहे. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम दहा धावांवर, आणि समोरच्या संघाच्या कर्णधारानं, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळायलाच नकार दिला. संघ सामना सोडून स्टेशनवर गेला. निंबाळकरांना कसोटी कॅप कधीच मिळाली नाही. बावणेला फ्लडलाइट्सखाली, चिअरलीडरच्या गाण्यात, खांदे पाडून शांतपणे एक-दोन घेताना बघितलं की त्या परंपरेची आठवण व्हायची. त्यानं या लीगमध्ये टी-ट्वेंटीलाही साजेशी फटकेबाजी केली. पण त्याच्यासाठी आता कुणी स्काउट वहीत टिपत नव्हता. अठराव्या वर्षीची एक संध्याकाळ आणि तिशीतली एक संध्याकाळ, दोन्हींचा भाव वेगळा.

एका सामन्याला माझ्या शेजारी एक कुटुंब येऊन बसलं. नगर जिल्ह्यातून आलेलं. आईवडील, आजी आणि सातवी-आठवीतली धाकटी बहीण. आजीच्या मांडीवर पिशवी, पिशवीत स्टीलचा तीनताळी डबा. तो आत कसा सोडला कुणास ठाऊक, कारण माझी पाण्याची बाटलीसुद्धा गेटवर काढून घेतली होती. त्यांचा मुलगा एका संघात होता. अकरात नाही, फ्लोरोसंट बिब घालून सीमारेषेबाहेर पाण्याचं खोकं घेऊन उभा. दर विकेटला तो धावत आत जायचा आणि आजी विचारायची, ‘‘आता खेळतोय का?’’ बहीण म्हणायची, ‘‘नाही गं आजी, पाणी द्यायला गेलाय.’’ वडील काही बोलत नव्हते. ते मोबाइल आडवा धरून मुलाचं पाणी देणं शूट करत होते.

चौदाव्या की पंधराव्या षटकात एका फील्डरचा पाय मुरगळला आणि हा पोरगा बदली म्हणून आत आला. डीप स्क्वेअर लेगला, आमच्या अगदी समोर. दोन चेंडू त्याच्याकडे आले. एक सरळ. दुसऱ्यावर त्यानं उजवीकडे झेपावून चौकार अडवला, उठता उठता फेकी केली, कीपरच्या ग्लव्हमध्ये एका टप्प्यात. स्क्रीनवर रिप्ले दाखवला. त्याचं नाव आलं नाही, बदली खेळाडूचं येत नाही. पण समालोचक मराठीतून काहीतरी कौतुकाचं बोलला असणार, कारण वडिलांना लगेच गावाकडून फोन आला आणि त्यांनी तो उचलून एवढंच म्हटलं, ‘‘दिसला ना? दिसला ना टीव्हीवर?’’ डीडी स्पोर्ट्सवर सामने दिसत होते, फॅनकोड या अ‍ॅपवरही. मला तेव्हा ते वीस हजार कशाचे हे कळलं. पैसे तर एका बॅटमध्ये आणि दोन जोडी स्पाइक्समध्ये संपतात. ‘दिसला ना’ हे खरं मानधन.

नंतर आजीनं डबा उघडला आणि मलाही धपाट्याचा तुकडा दिला. मुलगा हंगामात पुढे खेळला की नाही हे मी पाहिलं नाही. नाव मुद्दामच लिहीत नाही.

या सगळ्यात माझी तक्रार एकच, आणि ती तेव्हापासून आजपर्यंत तशीच आहे. सहाही संघांचे सगळे सामने गहुंज्याला. नाशिकचा संघ नाशिकला खेळला नाही, सोलापूरचा सोलापूरला नाही, कोल्हापूरचा कोल्हापूरला नाही. गहुंजं मैदान म्हणून देखणं आहे, शंका नाही. २०१२ मध्ये सुरू झालं तेव्हापासून एक्स्प्रेसवेवरून जाताना डोंगराच्या पार्श्वभूमीवर ते दिसलं की बरं वाटतं. पण साध्या माणसानं तिथे पोचायचं कसं? लोकल पकडायची तर देहूरोड नाहीतर बेगडेवाडीला उतरा आणि पुढे रिक्षावाल्याच्या मर्जीवर. सामना संपल्यावर परत यायला तीही मर्जी शिल्लक नसते. हजारोंच्या त्या स्टेडियममध्ये बऱ्याच संध्याकाळी एक कोपरा गजबजलेला आणि बाकी खुर्च्या मोकळ्या दिसायच्या. तमिळनाडूनं पहिल्याच वर्षी सामने दिंडीगुलजवळच्या नथमला आणि तिरुनेलवेलीला नेले होते. चेन्नईत बसून गावांची नावं विकली नाहीत.

संघटनेची बाजू मला समजत नाही असं नाही. फ्लडलाइट, प्रक्षेपणाच्या गाड्या, निचरा होणारं मैदान, सहा संघांची हॉटेलं. हे सगळं एका जागी असलं की खर्च निम्म्यावर येतो. रत्नागिरीत जूनमध्ये सामना ठेवा असं म्हणणारा माणूस एक तर वेडा असेल किंवा छत्र्यांचा व्यापारी. पण नाशिकचं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, सोलापूरचं पार्क मैदान आहे, तिथे रणजीचे सामने झालेत. सोलापुरात जून म्हणजे अजून तसा उन्हाळाच. दिवसाउजेडी खेळायचे दोन सामने तिथे न्यायला काय हरकत होती? सोलापूरच्या पोरानं तेरा षटकार मारले, तेव्हा ते बघायला सोलापुरातलं माणूस नव्हतं. हे काही मला पटत नाही.

लीगच्या अखेरच्या आठवड्यात पाऊस आला. आला म्हणजे कसा, राहिलेली सगळी उधारी व्याजासकट. मी देहूरोडच्या बाजूनं जायचो. पंधरवड्यापूर्वी याच पट्ट्यातून तुकोबांची पालखी निघाली, तेव्हा रस्त्यावर धुरळा होता. आता चाकं रुतत होती. अंतिम सामना २९ जूनला, रत्नागिरी विरुद्ध कोल्हापूर. त्याच दिवशी आषाढी एकादशी आणि त्याच दिवशी बकरी ईदही. सगळ्या महाराष्ट्राला सुटी आणि सगळ्या महाराष्ट्राला उपास किंवा दावत. मैदानावर कव्हर ओढणारी पोरं अनवाणी. पाऊस थांबला की तीस-चाळीस जण मिळून ती अवजड ताडपत्री मागे न्यायची, मधे साचलेलं पाणी घरंगळत कडेला न्यायचं, पाणी शोषणारा सुपर सॉपर फिरवायचा, कोपऱ्यात स्पंज दाबून बादल्या भरायच्या; आणि पंचांची पाहणी व्हायच्या आत लोणावळ्याकडून पुन्हा काळा पडदा. एक पोरगा कव्हरच्या दोरीला धरून नुसता हसत सुटला होता. सामना काही पूर्ण झाला नाही. दुसरा दिवस राखीव होता, तोही पाण्यात गेला.

नियमाप्रमाणे साखळीत वर असलेला संघ विजेता. साखळीत रत्नागिरी अव्वल होती. अझीम काझीच्या हातात करंडक आला. महाराष्ट्र प्रीमियर लीगचे पहिले विजेते, रत्नागिरी जेट्स.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर घेणाऱ्या जिल्ह्याला पावसानं करंडक मिळवून द्यावा, यात कुठेतरी हिशेब पुरा झाल्यासारखं वाटलं. मी लगेच रत्नागिरीला मामांना फोन लावला. मामा सत्तरीचे, आयुष्यभर मुंबईचे पाठीराखे. त्यांच्या लेखी वाडेकर गेल्यावर क्रिकेट संपलं.

‘‘मामा, आपण जिंकलो.’’

‘‘कोण आपण?’’

‘‘रत्नागिरी. एमपीएल.’’

‘‘ते होय. बघत होतो की. खेळले कुठे पण? पाऊस पडला नि दिलान हातात.’’ मग जरा थांबून, ‘‘आपल्या इथला कोण होता काय रे त्यात?’’

मी सांगायला लागलो, की तसं नसतं मामा, लिलाव असतो. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि इकडे पाऊस केवढा आहे, हापूसची कलमं कशी आहेत, यावर गाडी नेली. पण रात्री त्यांनी करंडकाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्याचं मामेभावानं सांगितलं. खाली लिहिलं होतं, ‘रत्नांग्रीचो विजय असो’.

दोन दिवसांनी, २ जुलैच्या रविवारी, राज्याच्या राजकारणात जो काही भूकंप झाला त्यात ही लीग लोक साफ विसरून गेले. संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष रोहित पवार. त्यांच्याच पक्षाचे आणि घराचे दोन तट पडलेले. क्रिकेट आणि राजकारण यांची आपल्याकडे इतकी सरमिसळ आहे की याचंही कुणाला फार नवल वाटलं नाही.

पहिला हंगाम पार पडणं म्हणजे लीग टिकणं नव्हे, हे आपल्याला कळायला हवं. याच नावाची लीग २००९ मध्येही निघाली होती, काही वर्षांत बंद पडली. मुंबईची टी-ट्वेंटी लीग २०१८ मध्ये वानखेडेवर वाजतगाजत सुरू झाली, २०१९ नंतर थांबली ती थेट २०२५ मध्ये परत आली. कर्नाटकात तर २०१९ मध्ये फिक्सिंगच्या प्रकरणात अटका झाल्या आणि लीगचं नावच बदलावं लागलं. त्या मानानं एमपीएल बरी चालली आहे. पण नावांचं काय? २०२५ चा हंगाम आला तेव्हा रायगड आणि सातारा आत होते, आणि पुरुषांच्या सहा संघांत सोलापूर आणि संभाजीनगर नव्हतं. मालक बदलला, पाटी बदलली. आमच्या ऑफिसात सोलापूरचा एक जण आहे, ज्यानं पहिल्या वर्षी हौसेनं रॉयल्सचा टीशर्ट घेतला होता. त्याला मी विचारलं, आता कुणाकडून? तो म्हणाला, ‘‘अर्शिन जिकडं असंल तिकडं.’’ मला वाटतं या लीगचा पाया नक्की कशावर आहे, ते त्याला मालकांपेक्षा आधी समजलंय.

मधल्या वर्षी, २०२४ मध्ये, रत्नागिरी पुन्हा जिंकली. अंतिम सामना पूर्ण झाला, समोर नाशिक, २४ धावांनी विजय. कुणाला पावसाचं नाव घ्यायची सोय उरली नाही. या वेळी मामांचाच फोन आला.

‘‘यंदा खेळून जिंकले हां.’’

‘‘हो मामा, सगळी मॅच झाली.’’

‘‘मग आता म्हणावं त्यांना, एक मॅच इकडे ठेवा. पावसाचं काय ते आम्ही बघतो.’’